“ज्याला जें दिसेल तें!”

आपल्या सुशिक्षित समाजांत सध्यां एक मत मोठ्या प्रतिष्ठेनें वावरत आहे. एखाद्या आधुनिक चित्रासमोर उभें राहून “याचा अर्थ काय?” असें कोणीं भाबडेपणानें विचारलें, कीं शेजारचा जाणता गृहस्थ किंचित् हंसतो आणि सांगतो, “अहो, असा अर्थ नसतोच. ज्याला जें दिसेल तें खरें!” विचारणारा ओशाळतो, सांगणारा रसिक ठरतो, आणि दोघेही समाधानानें पुढच्या चित्राकडे सरकतात. पुढच्या चित्रालाही तेंच उत्तर लागू पडत असल्यामुळें सारें दालन पाहून होण्यास फारसा वेळ लागत नाहीं.

हें मत उदार दिसतें, नम्र दिसतें, आणि कोणाच्याही अंगावर येत नाहीं. म्हणूनच त्याची झडती घेण्याचें कोणाच्या मनांत येत नसावें. माझें म्हणणें असें कीं, तें खोटें आहे; आणि नुसतें खोटें असतें तर त्याकडे काणाडोळा करतां आला असता, पण तें अपायकारकही आहे. “असलें चित्र तर आमचा बंड्यासुद्धां काढील” असें म्हणून तावातावानें बाहेर पडणारा जुना आक्षेपक मला या उदार गृहस्थापेक्षां कितीतरी पटींनीं जवळचा वाटतो. त्यानें निदान चित्र पाहिलेलें असतें. कांहीं तरी अपेक्षिलें होतें, तें मिळालें नाहीं, म्हणून तो चिडलेला असतो. चिडलेल्या माणसाशीं वाद घालतां येतो. जो आधींच सर्वांना सर्व कांहीं देऊन मोकळा झाला, त्याच्याशीं काय बोलणार?

वादाचें क्षेत्र प्रथम आंखून घेतों. ज्यांत ओळखीची एकही वस्तु नाहीं, केवळ रंग आणि आकार आहेत, अशा चित्रांचा प्रश्न निराळा आहे. त्याला आज हात घालीत नाहीं. मी बोलत आहें तें त्या मधल्या प्रांताविषयीं, जेथें एखादी खुर्ची, पेला, घड्याळ किंवा जोडा अर्धामुर्धा ओळखूं येतो आणि अर्धामुर्धा हातून निसटतो. “ज्याला जें दिसेल तें” हा मंत्र सर्वांत अधिक जपला जातो तो याच प्रांतांत, आणि त्याचा फोलपणा सर्वांत स्पष्ट दिसतो तोही येथेंच. कारण खुर्ची काय वस्तु आहे हें सांगावयास कोणाही पंडिताची गरज नसते.

पाब्लो पिकासोनें १९१२ सालच्या वसंतांत पॅरिसमध्यें केलेलें एक छोटें चित्र उदाहरणादाखल घेऊं. त्याचें नांव मराठींत सांगावयाचें तर ‘वेताच्या खुर्चीसह वस्तुचित्र’. पिकासोनें तें जन्मभर आपल्यापाशीं ठेवलें. १९७३ सालीं तो वारल्यानंतर तें फ्रेंच सरकारकडे आलें, आणि आज तें पॅरिसमधील त्याच्या नांवाच्या संग्रहालयांत आहे. उंची सुमारें २९ सेंटिमीटर, रुंदी सुमारें ३७. म्हणजे उघडून ठेवलेल्या मासिकाहून कांहींसें लहानच. आकार लंबगोल. चौकट लांकडाची नाहीं. कडेनें सभोंवार एक खराखुरा दोर गुंडाळलेला आहे. खालच्या भागांत, डाव्या अंगास, खुर्चीच्या बैठकीसारखी वेताची विणाई दिसते. आपल्याकडे ओसरीवर आणि कचेऱ्यांतून ज्या विणाईच्या खुर्च्या पिढ्यान् पिढ्या वापरल्या गेल्या, तीच ही अष्टकोनी भोंकांची जाळी. वरच्या भागांत करड्या, मातकट आणि पांढुरक्या रंगांचे तुकडे एकमेकांवर कललेले आहेत. त्यांत तीन मोठीं रोमन अक्षरें ठसठशीत दिसतात, आणि त्यांचा फ्रेंच उच्चार ‘झू’ असा कांहींसा होतो. जरा थांबून पाहिलें तर एक पाईप दिसतो, पेल्याचे उभे पैलू दिसतात, सुरी दिसते, लिंबाची चकती दिसते, शिंपला दिसतो. एका फ्रेंच उपाहारगृहांतील टेबल, त्यावर अर्धवट वाचलेलें वर्तमानपत्र आणि खाण्यापिण्याचें थोडें सामान, इतकाच हा मामला आहे.

आतां यांतली गंमत पाहा. सगळ्या चित्रांत डोळ्याला सर्वांत ‘खरी’ वाटणारी जागा कोणती? ती वेताची विणाई. इतकी हुबेहूब, कीं बोट लावून पाहावें. आणि नेमकी हीच जागा पिकासोनें काढलेली नाहीं! तें कारखान्यांत छापलेलें मेणकापड आहे. स्वयंपाकघरांतील टेबलावर पसरावयाचें, स्वस्त, पुसतां येण्याजोगें. तें त्यानें कापून चिकटवलें आणि त्याच्यावरून रंगाचे दोनचार पट्टे ओढले. जी विणाई खरी वाटते ती यंत्रानें छापलेली नक्कल आहे; जो पेला मोडकातोडका वाटतो तो मात्र चित्रकारानें स्वतः पाहून, फिरवून, वरून आणि बाजूनें तपासून काढलेला आहे. आणि दोर? तो ना खरा ना खोटा: तो नुसता दोर आहे. एवढ्याशा फळ्यावर ‘खरें म्हणजे काय’ या प्रश्नाचीं तीन उत्तरें शेजारीं शेजारीं मांडलेलीं आहेत, आणि तीं एकमेकांस खोटें पाडीत बसलीं आहेत.

हें मला ‘दिसलें’, म्हणून खरें आहे काय? मुळींच नाहीं. तें खरें आहे, कारण मेणकापड तेथें आहे, रंगाचे पट्टे तेथें आहेत, दोर तेथें आहे. आणि ज्याला माझें म्हणणें पटत नसेल त्यानें त्या त्या जागेवर बोट ठेवून मला खोडून काढावें. कोणी म्हणेल, मला यांत वादळांत सांपडलेलें गलबत दिसतें. दोर आहे, शिंपला आहे, करडें आभाळ आहे. ठीक. मग तीं अक्षरें कशाचीं? लिंबाची चकती गलबतावर कोणीं ठेवली? वेताची जाळी कोणत्या समुद्रांत असते? या तीन प्रश्नांपुढें गलबत बुडतें. तें बुडालें म्हणून त्या गृहस्थाच्या रसिकतेचा अपमान झाला असें मानण्याचें कारण नाहीं. उलट तो आतां पूर्वींपेक्षां अधिक पाहूं लागला असेल.

येथें मंत्रवादी पुढें सरसावून म्हणतील, “पण त्या अक्षरांचा अर्थ तरी एकच आहे काय? कोणी म्हणतो तें वर्तमानपत्राच्या फ्रेंच नांवाचें पहिलें टोंक आहे. कोणी म्हणतो तें ‘खेळणें’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदाचें टोंक आहे. मग आमचें काय चुकलें?” चुकलें तें हेंच कीं, दोन अर्थ आणि वाटेल तितके अर्थ यांतला फरक आपण विसरलां. ज्या भाषेंत मोरोपंतांचें काव्य घरोघर वाचलें गेलें, त्या भाषेच्या लोकांना हा फरक समजावून सांगण्याची पाळी यावी याचेंच आश्चर्य वाटतें. श्लेष म्हणजे काय? एका शब्दांतून दोन अर्थ निघतात. पण कां निघतात? तो शब्द ते दोन अर्थ पोटांत वागवतो म्हणून. तिसरा अर्थ वाचकाच्या लहरीनें त्यांत कोंबतां येत नाहीं, आणि कोंबणाऱ्यास कोणी रसिक म्हणत नाहीं, अडाणी म्हणतात. पिकासोचीं तीन अक्षरें हा शुद्ध श्लेष आहे. वर्तमानपत्र तेथें असणें टेबलाला साजतें. खेळ तेथें असणें मेणकापडाच्या थट्टेला साजतें. दोन्ही अर्थांना चित्रांत जामीन आहे. ज्याला जामीन नाहीं, तो अर्थ बाहेर.

संस्कृत साहित्यशास्त्रानें तर हा विषय फार पूर्वींच निकालांत काढला आहे. गंगेवर गौळवाडा आहे, असें म्हटल्यावर पाण्यावर झोंपड्या तरंगत नाहींत हें ऐकणाऱ्याला कळतें. तो ‘गंगेच्या कांठीं’ असें समजतो, आणि मग त्या बोलण्यांतून शीतलता, पावित्र्य हे भाव त्याच्या मनांत उमटतात. पण ते उमटतात ते गंगा या शब्दावर पाय ठेवून. गंगेच्या जागीं विहीर घाला, पाहा तें पावित्र्य कोठें राहतें! व्यंग्यार्थ वाच्यार्थाला सोडून हवेंत उडत नाहीं. आधुनिक चित्रांत वाच्यार्थ दडलेला असतो, तुटलेला असतो, उलटासुलटा मांडलेला असतो. पण तो नसतो असें नाहीं. तो शोधण्याचा कंटाळा आला म्हणून “अर्थ असा नसतोच” म्हणणें हें, कुलूप उघडत नाहीं म्हणून घरांत कोणी राहतच नाहीं, असें जाहीर करण्यासारखें आहे.

एक दुसराही पक्ष आहे, आणि तो अधिक विद्वान् आहे. तो म्हणतो कीं, वस्तु सोडून द्या. चित्रांत पाहावयाचे ते केवळ आकार, रंग, त्यांचा संवाद, विरोध आणि समतोल. मर्ढेकरांनीं आपल्या सौंदर्यशास्त्रांत लयीचीं हीं तीन तत्त्वें मांडलीं, तीं मराठी विचारांतील मोलाचीं आहेत यांत शंका नाहीं. परंतु त्यांच्या नांवावर जो सोंवळेपणा पुढें माजला, त्याला हें छोटें चित्र पुरून उरतें. वेताची जाळी हा केवळ एक पोत आहे असें मानून पाहिलें तर वरच्या सपाट तुकड्यांशीं तिचा विरोध जाणवेल, हें खरें. पण ती खुर्चीची बैठक आहे हें ठाऊक नसेल तर थट्टा कळणार नाहीं, आणि थट्टा कळली नाहीं तर चित्र अर्धें गेलें. खुर्ची ठाऊक असणें हा चित्रबाह्य दोष नव्हे. चित्रकारानें त्या ज्ञानावरच सारी रचना उभी केली आहे. पण या पक्षाशीं माझें भांडण घरगुती स्वरूपाचें आहे. ही मंडळी निदान पाहतात. तेव्हां त्यांना येथेंच सोडतों.

मंत्राचा विद्वान् अवतार पाहावयाचा असेल तर व्हॅन गॉगच्या जोड्यांची कथा ऐकावी. १८८६ सालीं पॅरिसमध्यें त्यानें एक लहान चित्र रंगवलें: झिजलेले, नाड्या सुटलेले, चामडें वांकलेले जोडे, एवढाच विषय. हें चित्र कांहीं अमूर्त नव्हे. पण जोड्यांच्या भोंवतीं खोली नाहीं, माणूस नाहीं, नुसता पिंवळट रंग आहे, आणि म्हणून अर्थ लावणाऱ्याला मोकळें रान मिळतें. मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञानें १९३५ सालीं दिलेल्या आणि १९५० सालीं छापून प्रसिद्ध केलेल्या कलाविषयक व्याख्यानांत हें चित्र घेतलें, आणि सांगितलें कीं हे एका शेतकरी बाईचे जोडे आहेत. मग त्या जोड्यांच्या काळोख्या पोकळींतून त्यानें शेत काढलें, कष्ट काढले, पोटाची विवंचना काढली, जन्म आणि मृत्यु काढले. लिहिलें आहे तें सुंदर, यांत वाद नाहीं. मौज ही कीं, जोड्यांच्या भोंवतीं शेताची माती देखील दाखवलेली नाहीं, हें तो स्वतःच नमूद करतो. आणि तरीही बाई शेतकरीच!

१९६८ सालीं अमेरिकेंतील कलेतिहासकार मेयर शॅपिरो यांनीं त्याला उत्तर दिलें. त्यांनीं केलें काय? आपल्याला दुसरें कांहीं दिसतें एवढें सांगून ते थांबले नाहींत. व्हॅन गॉगनें जोड्यांचीं अनेक चित्रें काढलीं आहेत, त्यांतलें नेमकें कोणतें, अशी त्यांनीं तत्त्वज्ञाकडेच पत्रानें पृच्छा केली. १९३० सालीं ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत पाहिलेलें, असें उत्तर आलें. त्यावरून चित्र कोणतें तें त्यांनीं ठरवलें, तें काढलें तेव्हां चित्रकार कोठें होता तें पाहिलें, आणि दाखवून दिलें कीं हे जोडे कोणा शेतकरणीचे नसून त्या काळीं शहरांत राहणाऱ्या चित्रकाराचे स्वतःचेच आहेत. पुढें १९७८ सालीं झाक देरिदा या फ्रेंच लेखकानें दोघांनाही चिमटे काढले: हे जोडे कोणाचे तें राहूं द्या, पण ही एकाच माणसाची जोडी आहे हें तरी तुम्हीं कशावरून धरलें? प्रश्न मार्मिक आहे. हा लेखक मंत्रवाद्यांचा लाडका आहे. पण त्यानें हा प्रश्न विचारला तो पुन्हां त्या जोड्यांकडे पाहून, डावा कोणता, उजवा कोणता हें न्याहाळून. तिघांचाही वाद चालूं शकला, कारण तिघांच्याही मध्यें एक चित्र होतें आणि त्याच्याकडे बोट दाखवतां येत होतें. “ज्याला जें दिसेल तें” असें १९६८ सालीं शॅपिरो म्हणाले असते, तर बिचारी शेतकरीण आजही ते जोडे घालून फिरत राहिली असती.

हा केवळ पंडितांचा विनोद नव्हे. हायडेगर १९३३ सालीं नात्सी पक्षाचा सभासद झाला होता. माती आणि शेतकरी यांचें स्तवन त्या वर्षांच्या जर्मनींत कोणत्या वाऱ्यावर चालत होतें, हें वाचकांना सांगावयास नको. त्याच राज्यांत नोव्हेंबर १९३६ मध्यें गोबेल्सनें कलासमीक्षेवर बंदी घातली. वर्तमानपत्रांनीं चित्रांचें वर्णन द्यावें, बरेंवाईट ठरवूं नये, असा हुकूम झाला. त्यानंतर आठ महिन्यांनीं, १९ जुलै १९३७ रोजीं, म्यूनिकमध्यें ‘अधःपतित कला’ या नांवाचें प्रदर्शन उघडलें. जर्मनीच्या सार्वजनिक संग्रहालयांतून उचलून आणलेल्या सुमारें ६५० कृति तेथें दाटीवाटीनें लटकवल्या होत्या, आणि भिंतींवर त्यांच्याविषयींचीं कुत्सित वाक्यें रंगवलीं होतीं. वीस लाखांहून अधिक लोक तें पाहून गेले.

“पण हें तर आमच्या मताच्या अगदीं उलट झालें!” असें उदार गृहस्थ म्हणतील. “तेथें सरकारनें अर्थ लादला, आम्ही तर प्रत्येकाला मोकळीक देतों.” लादला हें खरें. परंतु लादलेला अर्थ खोटा आहे, हें आपण कोणत्या तोंडानें म्हणणार? भिंतीवर लिहिणाऱ्यालाही तें ‘दिसलेंच’ होतें. सर्वांचे अर्थ सारखेच खरे असतील तर ज्याचा आवाज मोठा त्याचा अर्थ टिकतो, आणि इतरांच्या हातांत प्रतिकाराचें कांहींच साधन उरत नाहीं. हें साधन म्हणजे कारण: चित्राच्या या या जागीं हें हें आहे, सबब तुमचें म्हणणें टिकत नाहीं, असें सांगण्याची संवय. गोबेल्सला ती संवय नको होती, म्हणून त्यानें आधीं समीक्षा बंद केली आणि मग प्रदर्शन भरवलें. हा क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे.

कारणें देण्याची सक्ती झाली म्हणजे सामान्य माणसेंही किती नीट पाहूं लागतात, याचा एक गमतीचा दाखला अमेरिकेंत घडला. ब्रांकुशी या शिल्पकाराचा ‘अवकाशांतील पक्षी’ नांवाचा चकचकीत ब्राँझचा उंच, निमुळता आकार १९२६ सालीं न्यूयॉर्क बंदरांत उतरला. कलाकृतीला जकात माफ होती. पण जकात-अधिकाऱ्यांना त्यांत पक्षी दिसला नाहीं, म्हणून त्यांनीं स्वयंपाकाचीं भांडीं व इस्पितळाची उपकरणें यांच्या सदरांत घालून त्यावर शेंकडा ४० जकात आकारली! प्रकरण न्यायालयांत गेलें. तेथें “ज्याला जें दिसेल तें” चालण्यासारखें नव्हतें, कारण त्या न्यायानें भांडें पाहणारा जकातवालाही बरोबरच ठरला असता. साक्षीदारांना कलाकृति म्हणजे काय, हिला पक्षी कां म्हणावें, हें सांगावें लागलें. न्यायाधीशांना ऐकावें लागलें. आणि १९२८ सालीं निकाल शिल्पकाराच्या बाजूनें झाला. जकातीच्या चार पैशांपायीं कां होईना, लोक पाहावयास बसले.

आपल्या घरचें पाहूं. अलिबागजवळच्या नागांवांत जन्मलेले प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) हे अर्धअमूर्त वस्तुचित्राच्या प्रांतांतले आपले मोठे चित्रकार. त्यांच्या ‘कोरा कॅनव्हास’ या १९९० सालीं निघालेल्या पुस्तकामुळें, चित्र कसें घडतें याविषयीं चित्रकाराच्याच हातचें मराठी गद्य आपल्याला वाचावयास मिळालें. असें भाग्य फार थोड्या भाषांच्या वांट्यास येतें. त्यांच्या चित्रांत घड्याळ येतें, किल्ली येते, पान येतें, शिंपला येतो. आणि त्यांच्यासमोर आमचे रसिक काय करतात? येथें मंत्राची दुसरी बाजू उघडी पडते. “ज्याला जें दिसेल तें” म्हणणाऱ्यांना प्रत्यक्षांत सर्वांना एकच दिसतें: घड्याळ म्हणजे काळ, किल्ली म्हणजे रहस्य, पान म्हणजे जीवन, आणि रिकामी जागा म्हणजे अर्थातच मृत्यु. स्वातंत्र्य दिलें खरें, पण त्या स्वातंत्र्यानें सारेजण धांवत जाऊन एकाच बाजारू प्रतीककोशांत शिरले! हा कोश हातीं असला म्हणजे चित्र पाहण्याची आवश्यकताच उरत नाहीं. चित्राचें नांव कळलें तरी पुरें. घड्याळ काळाचें प्रतीक आहे हें कळण्यास बरवे कशाला हवेत? तें भिंतीवरचें घड्याळही सांगतें, आणि वर वेळही दाखवतें.

बरव्यांचें घड्याळ पाहावयाचें तर आधीं हें पाहावें कीं तें कशावरही टांगलेलें नाहीं. अनेकदां त्यांच्या वस्तूंना भिंत नसते, जमीन नसते; त्या एका सपाट पसरलेल्या जागेंत सुट्या राहतात. रंग पुष्कळ वेळां एनॅमल आहे, दारांना आणि लोखंडी सामानाला लावतात त्या जातीचा: गुळगुळीत, चकाकणारा, कुंचल्याचा माग फारसा न ठेवणारा. त्यामुळें वस्तु अगदीं जवळची वाटते आणि तिला हात मात्र लावतां येत नाहीं. पानाचा आणि किल्लीचा आकार शेजारीं आला कीं दोघांची बाह्यरेषा एकमेकींशीं बोलूं लागते, आणि पान हें पान आहे हें क्षणभर विसरून आपण त्याची कड पाहूं लागतों. या गोष्टी कोणालाही दिसतील. त्यासाठीं पदवी लागत नाहीं, पांच मिनिटें लागतात. प्रदर्शनांच्या सूचिपत्रकांतून ‘अस्तित्वाच्या गूढ पोकळीचा वेध’ वगैरे जें छापून येतें, तें लिहिण्यास मात्र इतकाही वेळ लागत नसावा.

या सर्वांत मध्यमवर्गीय कुटुंबाचा वांटा काय, हें सांगितल्याखेरीज लेख पुरा व्हावयाचा नाहीं. कारण मंत्राचा खरा कारखाना तेथें आहे. रविवारीं पिकासोसमोर “ज्याला जें दिसेल तें” म्हणणारे वडील सोमवारीं घरीं काय म्हणतात? मुलानें कावळा निळा रंगवला तर, “अरे, कावळा काळा असतो!” दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोंपडी आणि नागमोडी नदी, हें देखावा-चित्र आपल्याकडे जितक्या निष्ठेनें पिढीकडून पिढीकडे जातें, तितक्या निष्ठेनें रामरक्षाही जात नसेल. जेथें मुलगा खरोखर पाहत होता, तेथें त्याला पाहूं दिलें नाहीं. उन्हांत कावळ्याच्या पंखावर निळी झांक असते. मुलाला ती दिसली होती आणि बापाला दिसली नव्हती. त्याला “कोठें दिसला तुला निळा? दाखव पाहूं” असें विचारलें असतें तर बापलेक दोघेही खिडकीशीं गेले असते. तोच मुलगा मोठा होऊन प्रदर्शनांत येतो, त्याला कांहींच सुचत नाहीं, आणि मग तो उदार होतो.

कोणी म्हणेल कीं अशा झडतीनें आनंद मरतो. चित्र हें काय पंचनामा करण्याची वस्तु आहे? हा आक्षेप मला प्रामाणिक वाटत नाहीं. गाण्याच्या बैठकींत समेवर मान डोलावणारा श्रोता ताल मोजतच असतो, आणि मोजतो म्हणून त्याचा आनंद दुणावतो; जो मोजत नाहीं त्याची मान भलत्याच मात्रेवर हलते आणि शेजारी त्याच्याकडे पाहतात. तेथें आपण कधींही म्हणत नाहीं कीं, ज्याला जेथें वाटेल तेथें सम! चित्राच्या बाबतींतच ही सवलत कां, याचें एकच कारण मला दिसतें: गाण्यांत आपलें अज्ञान उघडें पडतें, चित्रासमोर तें झांकतां येतें.

पिकासोच्या त्या लंबगोलाचा एक प्रश्न मीं मघाशीं मुद्दाम मागें ठेवला होता. तो लंबगोल टेबलाचा पृष्ठभाग आहे कीं खुर्चीची बैठक? चित्राच्या नांवांत खुर्ची आहे आणि जाळीही खुर्चीचीच आहे. पण पेला, सुरी, लिंबू आणि वर्तमानपत्र खुर्चीवर कोणी मांडीत नाहीं. आणि कडेचा दोर टेबलाच्या कोरीव कांठासारखा दिसतो. कांहीं जाणकारांनीं सुचवलें आहे कीं टेबल कांचेचें असावें व त्यांतून खालची खुर्ची दिसत असावी. ही उपपत्ति सोयीची आहे, पण चिकटवलेल्या तुकड्याची कड इतकी तिरकस आणि ठळक आहे कीं कांचेंतून दिसणारी बैठक म्हणून ती मला पटत नाहीं. माझा कौल टेबलाकडे आहे, आणि त्याचें कारण तें मेणकापडच: त्याच्यावर छापली आहे खुर्ची, पण तें स्वतः आहे टेबलावर अंथरावयाचें कापड. छाप एक सांगते आणि कापड दुसरें. ज्यांचा कौल खुर्चीकडे असेल त्यांनीं त्या तिरक्या कडेचें काय करावयाचें तें सांगावें. मी ऐकावयास तयार आहें.